रॉचेस्टर थंडीतच बघून ये

सांगली

चि. ओजस यास,
अनेक आशीर्वाद.

फोनवर काहीही सांगायला गेले की तू "हो आई, माहितीये" म्हणतोस आणि विषय तिथेच संपतो. म्हणून हे लिहूनच पाठवतेय. आजी आता वॉकर घेऊन अंगणापर्यंत जाते, पण फिजिओथेरपी पुरी होईपर्यंत मला इथून हलता येणार नाही. म्हणजे तू न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरला कॉलेजं बघायला जाशील तेव्हा मी न्यू जर्सीत, आपल्या एडिसनच्या घरी नसेन. बाबा आहेत, पण या प्रवासावरून बाबांचं आणि माझं एकमत नाही हे तुला एव्हाना कळलंच असेल.

आधी एक गोष्ट मिटवून टाकू. बाबा म्हणतात एप्रिलमध्ये जाऊ, झाडांना पालवी असते, रस्ते मोकळे असतात. मला ते अजिबात पटत नाही. कॉलेजं ऑगस्टअखेर सुरू होतात आणि मेच्या सुरुवातीला संपतात. त्यातले नोव्हेंबर ते मार्च तिथे बर्फाचे. माहितीपुस्तकात हिरवळीवर पुस्तक घेऊन पडलेली मुलं दाखवतात, ती हिरवळ वर्षातून किती दिवस दिसते ते कुणी छापत नाही. मुलगी बघायला गेल्यासारखं नटूनथटून बसलेलं कॉलेज बघून काय करायचं? चार वर्षं काढायची आहेत तिथे. फेब्रुवारीत बघ, आणि तरीही आवडलं तर मग पुढचं बोलू.

रॉचेस्टर तुझ्या डोक्यात का बसलंय ते मला समजतं. कॅमेऱ्याच्या वेडाला त्याच्याइतकं जवळचं गाव नाही. ईस्टमनची कोडॅक तिथली, लेन्स करणारी बॉश अँड लोम्ब तिथली. युनिव्हर्सिटी ऑफ रॉचेस्टरची ऑप्टिक्सची, म्हणजे प्रकाशशास्त्राची, संस्था १९२९ पासून आहे. २०१८ चं भौतिकशास्त्राचं अर्धं नोबेल ज्या लेझरच्या तंत्राला मिळालं, ते डोना स्ट्रिकलंड आणि जेरार मूरू यांनी १९८५ मध्ये तिथेच मांडलं, आणि त्या वेळी ती विद्यार्थिनी होती. आरआयटीत, म्हणजे रॉचेस्टर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत, इमेजिंग सायन्स पदवीलाच शिकवतात. दोन्ही कॉलेजं एकमेकांपासून गाडीने दहा-पंधरा मिनिटांवर, त्यामुळे एका फेरीत दोन्ही होतील. यात माझं काहीच म्हणणं नाही. माझं म्हणणं आहे ते तिथल्या तळ्याबद्दल.

रॉचेस्टर लेक ओंटारिओच्या काठी आहे. हे तळं खोल, त्यामुळे ते हिवाळ्यात सहसा पूर्ण गोठत नाही. कॅनडाकडून कोरडा गार वारा त्या मानाने उबदार पाण्यावरून येतो, वाफ उचलतो आणि काठावर आला की बर्फ करून ओततो. वर्षाला सरासरी शंभर इंचांच्या आसपास, आपल्या एडिसनच्या तिपटीहून जास्त. आणि तो सगळीकडे सारखा पडत नाही, पट्ट्यापट्ट्यांनी पडतो. आंबोलीत धो धो आणि इथे सांगलीत नुसते ढग, तसंच ते. एका गावात दोन फूट आणि पाच मैलांवर ऊन. म्हणून फोनवर "रॉचेस्टर, २८ डिग्री फॅरनहाइट, ढगाळ" एवढं बघून निघायचं नाही. तुझी रेल्वेची वाट आल्बनी, युटिका, सिरॅक्यूजवरून जाते, आणि सिरॅक्यूजला तर रॉचेस्टरपेक्षाही जास्त बर्फ पडतो. नॅशनल वेदर सर्व्हिसच्या साइटवर या सगळ्या गावांचा अंदाज बघ. रॉचेस्टरचा अंदाज त्यांचं बफेलोचं ऑफिस देतं. 'वॉच' असेल तर शक्यता आहे, डोळा ठेवायचा. 'वॉर्निंग' असेल तर संकट दारात आहे, निघायचं नाही. यावर चर्चा नको.

आता गाडी की रेल्वे. बाबांना गाडीच घ्यायची आहे. साडेपाच तासांचा रस्ता, आपली गाडी ऑल-व्हील ड्राइव्ह, मध्ये कुठेही थांबता येतं, हे सगळं खरं. पण चारही चाकांना जोर मिळाला म्हणजे बर्फात गाडी जागची निघते. बर्फावर थांबायची वेळ आली की ती इतर कुठल्याही गाडीसारखीच घसरते. शिवाय आय-८० आणि आय-८१ हे पोकोनोच्या डोंगराळ भागातले रस्ते, आणि तिथे स्नो स्क्वॉल येतात. स्वच्छ आकाशातून पाच मिनिटांत पांढरी भिंत उभी राहते आणि पुढच्या गाडीचे लाल दिवेसुद्धा दिसत नाहीत. २८ मार्च २०२२ ला पेनसिल्व्हेनियात याच आय-८१ वर, आपल्या वाटेच्या थोडं दक्षिणेला, अशाच स्क्वॉलमध्ये सुमारे ८० गाड्या एकमेकांवर आदळल्या आणि सहा जण गेले. मार्चअखेर, बरं का. बाबा चांगले चालवतात, त्यांच्या मागून येणारा ट्रकवाला कसा चालवतो ते त्यांच्या हातात नाही.

विमानाचं म्हणशील, तर नेवार्कहून तासा-सव्वातासाचं आहे. पण हिवाळ्यात नेवार्कला एक विमान रखडलं की मागची रांग रखडते, आणि पंखांवरचा बर्फ काढायला लागणारा वेळ वेगळाच. कंपनीने स्वतः विमान रद्द केलं तर पैसे परत मिळतात, पण शुक्रवारची कॉलेजची भेट परत मिळत नाही.

म्हणून माझं मत रेल्वेला, म्हणजे अ‍ॅमट्रॅकला. तू सतरा वर्षांचा आहेस, सोळाच्या पुढच्या मुलाला त्यांच्या गाडीत एकटं जाता येतं. मेट्रोपार्कहून एनजे ट्रान्झिटच्या लोकलने न्यूयॉर्कचं पेन स्टेशन, तिथल्याच मॉयनिहन हॉलमधून पुढची गाडी. रॉचेस्टरला जाणाऱ्या गाड्या दिवसातून मोजक्याच आहेत. सकाळी लवकरची घे म्हणजे दुपारी उजेडात उतरशील. दुपारी उशिरा सुटणारी रात्री पोचवते, आणि तिला उशीर झाला तर तुला घ्यायला येणारे, रॉचेस्टरजवळच्या पिट्सफर्डचे काका मध्यरात्री स्टेशनबाहेर गाडीत बसून राहतील. तिकीट रद्द केल्यावर पूर्ण पैसे परत मिळणाऱ्या दराचंच काढ, दहा-वीस डॉलर जास्त गेले तरी चालेल. आल्बनीपुढे रूळ मालगाड्यांच्या कंपनीचे आहेत, त्यामुळे तास-दीड तास उशीर धरूनच चाल. जाताना डाव्या हाताची खिडकी पकड. आल्बनीपर्यंत हडसन नदी डावीकडेच असते, थंडीत तिच्यात बर्फाचे तुकडे वाहत असतात आणि काठच्या झाडांवर बॉल्ड ईगल दिसतात. लांब लेन्स बॅगेत तळाशी ठेवू नकोस.

राहायचं काका-काकूंकडेच. हॉटेल घेतो म्हणालास, पण सतरा वर्षांच्या मुलाला बरीच हॉटेलं खोली देत नाहीत. काहींची अट अठराची, काहींची एकवीसची. रात्री दहाला काउंटरवर हे कळण्यापेक्षा काकूंच्या हातची आमटी बरी. बाबांचे ते वालचंद कॉलेजपासूनचे मित्र आहेत, संकोच करायचं कारण नाही. जाताना डिंकाचे लाडू घेऊन जा. फ्रीझरमध्ये खालच्या कप्प्यात, निळ्या झाकणाच्या डब्यात आहेत.

दिवस असे धर. फेब्रुवारीतली प्रेसिडेंट्स डेची सुट्टी सोमवारी आहे. गुरुवारी जा, शुक्रवारी दोन्ही कॉलेजं, शनिवारी ईस्टमनच्या घरातलं संग्रहालय, रविवारी परत. शाळेचे दोन दिवस बुडतील, त्याची चिठ्ठी बाबा देतील. सोमवार मुद्दाम मोकळा ठेवलाय. रविवारची गाडी रद्द झाली तर सोमवारी ये, कुणाची धावपळ नको. सुट्टीच्या आदल्या आठवड्यापर्यंत थांबू नकोस, दोन्हीकडच्या अ‍ॅडमिशन ऑफिसला आत्ताच नाव नोंदव, आणि ऑप्टिक्सच्या एखाद्या वर्गात मागे बसता येईल का तेही त्यांनाच विचार.

कपड्यांचं ऐक. तुझी ती काळी हुडी सुती आहे. ती घामाने किंवा बर्फाने ओली झाली की सुकत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेते. आत थर्मल, वर लोकरीचा स्वेटर किंवा फ्लीस, सगळ्यात बाहेर वारा अडवणारं जाकीट. बूट वॉटरप्रूफ, स्नीकर्स नाहीत. फुटपाथवर मीठ टाकलेलं असतं, त्याचा बर्फाशी काला होऊन तो घोट्यापर्यंत उडतो. थंडीत फोनची बॅटरी भसाभस उतरते, म्हणून फोन आतल्या खिशात, आणि तिकिटाचा स्क्रीनशॉट काढून ठेव.

कॅमेऱ्याचं तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं, पण हे एक माझ्याकडून घे. बाहेर तासभर फिरून तू उबदार इमारतीत शिरलास की गार लेन्सवर दव धरतं, आणि ते आतल्या काचांवरही धरू शकतं. बाहेर असतानाच कॅमेरा झिपच्या पिशवीत घाल, हवा काढून बंद कर, आणि आत गेल्यावर पिशवी तशीच राहू दे. कॅमेरा खोलीच्या तपमानाला आला की मगच उघड. बाष्प मग पिशवीच्या बाहेरच्या बाजूला धरतं. तेवढ्या वेळात फोटो काढायची घाई झाली तर फोन आहेच.

आता खरं बघायचं काय. तुम्हाला फिरवणारा मुलगा किंवा मुलगी उलटं चालत छान छान बोलेल. तो त्यांच्या कामाचा भाग आहे, ऐकून घे. पण दोन्ही कॉलेजांत जमिनीखालून बोगदे आहेत, आणि थंडीत तुम्हाला तिकडून नेतील अशी माझी अटकळ आहे. युनिव्हर्सिटी ऑफ रॉचेस्टरमध्ये ते मधल्या चौकाभोवतीच्या इमारतींना जोडतात, आरआयटीत वसतिगृहांच्या खालून जातात. आरआयटीत वसतिगृहापासून वर्गांपर्यंतचा रस्ता मात्र उघड्यावर आहे. त्याला क्वार्टर माइल म्हणतात, प्रत्यक्षात तो पाव मैलापेक्षा बराच लांब आहे, आणि तिथला वारा प्रसिद्ध आहे. फेरी संपली की तो रस्ता एकटा, टोपी घालून, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून बघ. सकाळी आठच्या वर्गाला तुला रोज तिथून जायचं आहे.

मग कॅफेटेरियात जाऊन बस आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांशी बोल. पहिल्या वर्षाची अजून नव्या नवलाईत असतात. शनिवार-रविवार काय करता? फेब्रुवारीत घरची आठवण येते तेव्हा काय करता? आठवडा आठवडा ऊन दिसत नाही ते सोसतं का? तिथला हिवाळा नुसता गार नाही, ढगाळही आहे, आणि मला थंडीपेक्षा त्या ढगांचीच जास्त काळजी वाटते. तू नोव्हेंबरमध्ये घड्याळं तासभर मागे जाऊन लवकर अंधार पडायला लागला की कसा चिडचिडा होतोस ते मी दर वर्षी बघते. मानसिक आरोग्याच्या केंद्रात पहिली भेट किती दिवसांत मिळते हेही विचार. लाजू नकोस, तिथे हे कुणाला विचित्र वाटत नाही. आरआयटीत वर्गात सांकेतिक भाषेतले दुभाषे दिसतील, कर्णबधिर मुलांची राष्ट्रीय संस्था त्याच आवारात आहे. ते जमलं तर बघून ये, मला सांग.

पैशाचं डोक्यात घेऊ नकोस. दोन्ही कॉलेजांच्या साइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर, म्हणजे मदत वजा जाता किती भरायचं त्याचा अंदाज देणारं पान, आहे, आकडे बाबा भरतील. शुक्रवारी आर्थिक मदतीच्या ऑफिसात कुणी भेटलं तर एवढंच विचार की पहिल्या वर्षी दिलेली मदत चारही वर्षं टिकते का, आणि कशाने कमी होते.

शेवटचं. बुधवारी रात्री अंदाज बघून जायचं की नाही ते तू ठरव. बाबांनी नव्हे, मीही नव्हे. वॉर्निंग असेल तर दोन्ही कॉलेजांना त्याच रात्री ईमेल कर, 'हवामानामुळे येता येत नाही, मार्चमधली तारीख मिळेल का' एवढं दोन ओळींत पुरे. दर हिवाळ्यात त्यांना अशी पत्रं येतात, तुझ्या नावापुढे कुणी फुली मारत नाही. काकांना फोन कर, ईमेल नको. तिकीट रद्द कर आणि शाळेत जा.

आणि निघालास तर मेट्रोपार्कच्या फलाटावरून मला मेसेज टाक. तुझे सकाळचे सहा म्हणजे इथले दुपारचे साडेचार, आजीचा व्यायाम तेव्हा नुकताच आटपलेला असतो, तीही विचारत बसते. सिरॅक्यूज गेलं की दुसरा मेसेज, तोवर मी जेवून घेतलेलं असेल.

तुझी,
आई