बास्केटबॉलचा तक्ताही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१२ ऑगस्ट २०२४च्या अंकात पॅरिस ऑलिम्पिकमधल्या महिला बास्केटबॉलच्या अंतिम सामन्याची बातमी वाचली. बातमी म्हणजे ‘संक्षिप्त’ रकान्यातल्या दोन ओळी : अमेरिकेने फ्रान्सला ६७-६६ असे हरवले, सलग आठवे सुवर्ण. चुकीचे काहीच नाही. पण सामना एका गुणाने सुटला असेल, तर तो एक गुण नेमका कुठे राहिला हे वाचणाऱ्याला कळायला नको का? त्याच पानावर क्रिकेटच्या एका सामन्याचा धावफलक मात्र बाय, लेगबाय, वाइडच्या फोडीसकट छापला होता. बास्केटबॉलचाही असाच, खेळाडूवार आकड्यांचा तक्ता छापावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

पुरुषांचा अंतिम सामना आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेल्यावर सुरू झाला, त्यामुळे त्या वेळची अडचण समजू शकते. महिलांचा सामना रविवारी संध्याकाळी सातला सुरू होऊन जेवणाच्या वेळेला संपला होता. अंक छापायला जायला पुष्कळ अवकाश होता.

मी जिल्हा आणि आंतरशालेय स्पर्धांत टेबलवर स्कोअरर म्हणून बसते, म्हणून हे मला जास्त टोचते. आमच्या स्कोअरशीटवर ‘रनिंग स्कोअर’, म्हणजे दोन्ही संघांच्या चढत्या बेरजेचे आकडे असतात. बास्केट झाली की नव्या बेरजेच्या आकड्यावर तिरकी रेघ मारायची आणि शेजारी खेळाडूचा जर्सी नंबर लिहायचा. फ्री थ्रो (फाउलबद्दल मिळणारी एका गुणाची मोकळी फेक) असेल तर रेघेऐवजी ठिपका. आणि बास्केट तीन गुणांची असेल तर त्या जर्सी नंबरभोवती गोल काढायचा. पॅरिसचा सामना या एका गोलावर फिरला. शेवटच्या काही सेकंदांत फ्रान्सच्या गॅबी विल्यम्सने तीन गुणांची बास्केट करून स्कोअर ६५-६४ वर आणला. अमेरिकेच्या काहलिया कॉपरने दोन्ही फ्री थ्रो घातले, ६७-६४. मग बजर वाजता वाजता विल्यम्सनेच लांबून मारलेला चेंडू पुन्हा आत गेला. पण फेकताना तिचा पाय तीन गुणांच्या रेषेवर पडला होता. रेषा ही दोन गुणांच्या भागातच धरली जाते. म्हणजे ६६ वर रेघ, शेजारी तिचा नंबर, आणि त्या नंबराला गोल नाही. गोल पडला असता तर ६७-६७ आणि पाच मिनिटांचा जादा वेळ.

पुढची गंमत रेषेची. २०१० पर्यंत ‘फिबा’च्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमांत ही रेषा बास्केटपासून ६.२५ मीटरवर होती, मग ती ६.७५ वर नेली. आमच्याकडच्या एकदोन शाळांच्या सिमेंटच्या कोर्टवर जुनी रेषा अजून पुसट दिसते आणि मुली दरवेळी विचारतात, ‘मॅडम, कुठली धरायची?’ त्या जुन्या रेषेने मोजले असते तर विल्यम्सचे तीन गुण नक्की होते. जन्माने अमेरिकन असलेली, पण आईच्या देशाकडून खेळणारी ही मुलगी अमेरिकेला जादा वेळेत घेऊन गेली असती. पुढे काय झाले असते कोण जाणे. पण १९९२च्या बार्सिलोनातल्या उपांत्य सामन्यानंतर ऑलिम्पिकमध्ये एकदाही न हरलेल्या संघाचा हा सलग ६१वा विजय होता, आणि तो अर्ध्या पावलावर आला होता. हे सगळे ‘६७-६६’ या दोन आकड्यांत वाचकाला दिसणार कसे?

तक्ता असता तर दिसले असते की अर्ध्या वेळेला २५-२५ होते. तिसऱ्या क्वार्टरमध्ये (सामन्याच्या दहा-दहा मिनिटांच्या चार भागांपैकी तिसऱ्यात) फ्रान्स दहा गुणांनी पुढे गेला होता. विल्यम्सचे १९ गुण दिसले असते आणि अमेरिकेच्या एजा विल्सनचे २१ गुण, १३ रिबाउंड (हुकलेल्या फेकीचा चेंडू पकडणे) आणि चार ब्लॉकही. ब्लॉक गुणफलकावर कुठेच चढत नाही. चार वेळा फ्रान्सचा चेंडू तिने हवेतच अडवला आणि निकाल एका गुणाचा आहे, एवढे लक्षात घेतले तरी पुरे.

पुरुषांच्या उपांत्य सामन्याचेही तसेच. अमेरिका ९५, सर्बिया ९१. अमेरिकेच्या स्टीफन करीबद्दल ‘करीची कमाल’ असे आपण छापलेत आणि ३६ गुण, त्यांत तीन गुणांच्या नऊ बास्केट, म्हणजे कमाल होतीच. पण तीन क्वार्टरनंतर सर्बिया ७६-६३ पुढे होता, हे बातमीत नव्हते. शेवटची दहा मिनिटे अमेरिकेने ३२-१५ अशी मारली. त्याच संघातल्या लेब्रॉन जेम्सचे १६ गुण, १२ रिबाउंड, १० असिस्ट (ज्यावर लगेच बास्केट होते तो पास) नव्हते. वयाच्या ३९व्या वर्षी ऑलिम्पिक उपांत्य सामन्यात ट्रिपल-डबल (तीन रकान्यांत दोन आकडी कामगिरी), म्हणजे चेष्टा नाही. सर्बियाच्या निकोला योकिचचे नुसते १७ गुण वाचून वाटते की गडी थंड पडला. त्याचे ११ असिस्ट जोडून पाहा : एका असिस्टमागे दोन गुण धरले तरी आणखी २२. सर्बियाच्या ९१ पैकी सुमारे ३९ गुण त्याच्या हातून गेले होते.

आकड्यांना मी देव मानत नाही, हेही लिहिते. असिस्ट द्यायचा की नाही हा बराचसा टेबलवरच्या माणसाच्या नजरेचा भाग असतो. पास घेऊन खेळाडूने दोनदा ड्रिबल केले तर टेबलवरच्या आम्हा दोघी स्कोअररमध्येच वाद होतो. ‘प्लस-मायनस’ (खेळाडू मैदानावर असताना संघाने केलेल्या आणि दिलेल्या गुणांतला फरक) हा रकाना तर एका सामन्यापुरता मला फसवाच वाटतो, कारण चार चांगल्या खेळाडूंबरोबर नुसते उभे राहिले तरी तो वर जातो. तो नाही छापला तरी चालेल. मिनिटे, गुण, दोनच्या आणि तीनच्या बास्केट (किती मारल्या, किती गेल्या), फ्री थ्रो, रिबाउंड, असिस्ट, टर्नओव्हर (चेंडू गमावणे) एवढे रकाने हवेत. वर चारही क्वार्टरचे गुण. एका संघात जास्तीत जास्त बारा नावे. सोन्या-चांदीच्या भावाच्या चौकटीपेक्षा फार मोठे होणार नाही.

वाचकांना कळणार नाही, असे कृपया म्हणू नका. १ ऑगस्टला आपल्या कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने कांस्य मिळवले, तेव्हा ५० मीटर रायफलच्या तीन पोझिशन कोणत्या आणि ४५१.४ गुण कसे होतात, हे आपणच चौकट करून सांगितले होते. दुसऱ्या दिवशी आमच्या बँकेतले शिपाईही ‘नीलिंग, प्रोन, स्टँडिंग’ बोलत होते.

रोज छापा असे म्हणणे नाही. ऑलिम्पिक, जागतिक स्पर्धा आणि आशियाई स्पर्धांचे उपांत्य व अंतिम सामने एवढे घेतले तरी वर्षाला मोजके तक्ते होतील. नमुना म्हणून महिलांच्या अंतिम सामन्याचा तक्ता मराठीत हाताने काढून पत्रासोबत पाठवत आहे. छापायला जागा नसली तर क्रीडा विभागाच्या टेबलावर तरी ठेवावा, आणि एखादा रकाना अनावश्यक वाटला तर तसे जरूर कळवावे.

आपली,
एक वाचक व स्कोअरर, मिरज