सोयाबीनचा भाव पेंडीत अडकलाय

महोदय,

मराठवाड्यात ज्वारी, मूग, उडीद मागे सारून सोयाबीन आलं ते ‘तेलबिया’ म्हणून. लातूर, वाशीमच्या मोंढ्यांचं गणित आज त्यावरच चालतं. पण क्विंटलभर सोयाबीन गाळलं तर तेल निघतं जेमतेम १८-१९ किलो. बाकी जवळपास सगळी पेंड. म्हणजे गिरणी भाव काढते तो तेलापेक्षा पेंडीच्या उठावावर. इथेनॉलच्या कारखान्यांतून मका-तांदळाचा स्वस्त चोथा पशुखाद्यात आल्यापासून पेंडीला विचारतो कोण?

तेलाच्या बाजूने अर्जेंटिना, ब्राझीलचं कच्चं सोयातेल आहेच. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क २० टक्के केलं, ३० मे २०२५ ला ते १० टक्क्यांवर आणलं. ऐन पेरणीच्या तोंडावर! जुलै २०२१ च्या अखेरीस लातुरात क्विंटलचा भाव दहा हजारांजवळ गेला, तर ऑगस्टमध्ये लगेच १२ लाख टन पेंड आयातीला परवानगी. भाव चढला की सरकारला जाग येते, पडला की हमीभाव केंद्रावर ओलावा मोजायचं यंत्र पुढे येतं. १२ टक्क्यांच्या वर काटा गेला की हमीभाव २०२५-२६ सारखा ५,३२८ असो वा आणखी काही, शेतकरी निमूट आडत्याच्या दारात.

शुल्काचा निर्णय निदान पेरणीआधी दोन महिने जाहीर करून वर्षभर कायम ठेवावा. आणि हमीभाव केंद्रं दिवाळीआधी सुरू व्हावीत, माल विकून झाल्यावर नव्हे.

– एक सोयाबीन उत्पादक, औसा (जि. लातूर)