आई-बाबांना पत्र: पोटातील महाधमनी वयाबरोबर कशी बदलते

ती. आई-बाबा यांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, तुमचा सोनोग्राफीचा रिपोर्ट मी नीट वाचला. तपासणी प्रोस्टेटसाठी होती आणि त्या बाबतीत काळजी करण्यासारखे काही नाही. परंतु शेवटच्या ओळीत पोटातील महाधमनी ‘वळणदार, किंचित रुंद, व्यास २.६ सेंमी, भिंतीत ठिकठिकाणी कॅल्शियम’ असे लिहिले आहे आणि त्या ओळीने तुमची दोघांची झोप उडाली आहे, हे आईच्या आवाजावरून कळले. अशा सोनोग्राफी करणे हे माझे रोजचे काम आहे, तरीही फोनवर हे सगळे धड सांगता येत नाही, म्हणून लिहीत आहे.

हृदयातून निघालेली महाधमनी छातीतून खाली येऊन पोटात शिरते आणि कण्याला लागून, मध्यरेषेच्या जराशी डावीकडून उतरत, बेंबीच्या आसपास दोन्ही पायांकडे जाणाऱ्या शाखांत विभागते. तरुणपणी ही नळी जवळजवळ सरळ असते. पुरुषांत साधारण २ सेंमी रुंद, बायकांत थोडी कमी, आणि खाली जाताना निमुळती. तिच्या भिंतीत इलॅस्टिनच्या लवचीक तंतूंचे थर असतात आणि त्यांच्या जोडीला कोलॅजेनचे चिवट तंतू. हे इलॅस्टिन बहुतेक सगळे जन्माआधी आणि बालपणी तयार होते, मोठेपणी शरीर त्यात जवळजवळ भर घालत नाही, ही गोष्ट इतकी वर्षे हे काम करूनही मला थक्क करते. म्हणजे तुम्ही आजीच्या पोटात असताना विणले गेलेले तंतू तुमच्या ७१व्या वर्षीही कामावर आहेत. मिनिटाला ७० ठोके धरले तर दिवसाला एक लाख होतात आणि आजवर अडीचशे कोटींहून अधिक वेळा ते ताणले जाऊन पूर्ववत झाले आहेत.

इतक्या कामानंतर ते जागोजागी तुटतात, भार कोलॅजेनवर येतो आणि कोलॅजेन फारसे ताणत नाही. जुने इलॅस्टिक जसे लांब होऊन बसते आणि पुन्हा पहिल्यासारखे आखडत नाही, तशी महाधमनी थोडी रुंदावते आणि लांबतेही. ती वरच्या आणि खालच्या बाजूला जखडलेली असल्यामुळे वाढलेल्या लांबीला सरळ जागा मिळत नाही. शिवाय मणक्यांमधल्या चकत्या झिजून कणाही आखूड होत जातो. मग ती बाजूला वळण घेते आणि तिचा दुभागण्याचा बिंदू तरुणपणापेक्षा खाली सरकतो. आई, तुझी उंची गेल्या काही वर्षांत कमी झाली आहे, त्यामुळे तुझी महाधमनीही सरळ असण्याचा संभव कमीच आहे. भिंतीतले कॅल्शियमही या वयात वारंवार दिसते. ते नुसते असल्याने दुखत-खुपत नाही, मात्र रक्तदाब आणि कोलेस्टेरॉलकडे लक्ष ठेवा, एवढे ते सांगते.

आईच्या बीपीचा वरचा आकडा १५८ आणि खालचा ६८ येतो, तेव्हा मशीनच बिघडले असावे असे तुम्ही म्हणाला होतात. मशीन ठीक आहे. लवचीक महाधमनी हृदयाच्या ठोक्याबरोबर फुगून थोडे रक्त साठवते आणि दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात ते पुढे ढकलते. ती ताठर झाली की वरचा आकडा चढतो, खालचा उतरतो आणि दोहोंतले अंतर वाढते. खालचा आकडा चांगला आहे म्हणून गोळी बंद करायची, असे आईने कृपा करून करू नये. या वयात वरचा आकडाही तितकाच महत्त्वाचा असतो.

आता २.६ या आकड्याविषयी. पोटातील महाधमनी ३ सेंमी किंवा त्याहून रुंद झाली तर तिला फुगवटा, म्हणजे ॲन्युरिझम, म्हणतात. पुरुषांत साधारणपणे ५.५ सेंमीला पोहोचेपर्यंत फुगवट्याची शस्त्रक्रिया करत नाहीत, ठरावीक काळाने मोजत राहतात. तुम्ही अजून पहिल्या रेषेच्याही अलीकडे आहात, आणि पाच वर्षांनी पुन्हा मोजले तरी चालेल. मात्र मोजायचे नक्की. तुम्ही शाळेत विज्ञान शिकवलेत, त्यामुळे लाप्लासचा नियम तुम्हाला सांगायला नको: दाब तोच राहिला तरी त्रिज्या वाढली की भिंतीवरचा ताण वाढतो. म्हणून मोठा फुगवटा लहानापेक्षा लवकर वाढतो आणि फुटण्याचा धोकाही त्यातच अधिक असतो. आइन्स्टाइन यांना हाच आजार होता. १९४८ मध्ये डॉ. रुडॉल्फ निसेन यांनी त्यांच्या फुगवट्याभोवती सेलोफेन गुंडाळले, कारण त्या काळी याहून चांगला उपाय हाती नव्हता. पुढे एप्रिल १९५५ मध्ये तो फुटला आणि ते गेले. आज जांघेतल्या धमनीतून आत स्टेंट-ग्राफ्ट, म्हणजे धातूच्या जाळीचा आधार असलेली कापडी नळी, बसवता येतो. पोटातील फुगवट्यासाठी ही पद्धत १९९० मध्ये ब्युनोस आयर्समध्ये डॉ. हुआन पारोदी यांनी पहिल्यांदा माणसावर वापरली.

फुगवट्याचे सर्वांत मोठे टाळण्याजोगे कारण धूम्रपान आहे. बाबा, तुम्ही सिगारेट सोडलीत, याचा मला त्या वेळी झाला त्याहून अधिक आनंद आज होतो. परंतु काका अजून दिवसाला बिडीचे बंडल संपवतात. इंग्लंडमध्ये पुरुषांना ६५व्या वर्षी या एका तपासणीसाठी सरकारकडून बोलावणे जाते. आपल्याकडे तशी व्यवस्था नाही, तेव्हा काकांना तुम्हीच घेऊन जा. सोनोग्राफी काही मिनिटांची असते, सुई टोचावी लागत नाही, आणि आपल्या घरात तिची सर्वाधिक गरज त्यांनाच आहे.

आणखी एक विनंती आहे. लघवीला जळजळ झाली की तुम्ही मेडिकलमधून सिप्रोफ्लॉक्सासिन आणता. त्या गटातल्या अँटिबायोटिक्समुळे महाधमनी फाटण्याचा किंवा फुटण्याचा धोका वाढू शकतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने डिसेंबर २०१८ मध्ये दिला आणि ज्यांना फुगवटा आहे किंवा होण्याचा संभव आहे, त्यांना दुसरा पर्याय असताना ती देऊ नयेत असे सांगितले. तुम्ही घाबरून जावे असा माझा हेतू नाही. परंतु यापुढे डॉक्टरांना हा रिपोर्ट दाखवल्याशिवाय ती गोळी घेऊ नका.

आई, झोपल्यावर बेंबीजवळ ठोके जाणवतात, असे तू म्हणालीस. तू बारीक आहेस, आणि बारीक माणसाच्या पोटावर हात ठेवला तर महाधमनीचे ठोके हाताला लागतात. बहुधा तेवढेच असेल. तरीही बेंबी सरकली म्हणून शेजारच्या मावशींकडून पोट दाबून, चोळून घेऊ नकोस. आधी व्यास मोजून घे. बायकांत हा आजार पुरुषांपेक्षा बराच कमी आढळतो, पण झालाच तर कमी रुंदीलाही फुटू शकतो, म्हणून तुझी तपासणी मी पुढे ढकलू देणार नाही. सकाळी उपाशीपोटी जा, म्हणजे आतड्यातला वायू आड येणार नाही.

पोटात किंवा पाठीत एकाएकी असह्य कळ आली आणि घाम सुटून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर गॅस झाला असेल म्हणून सोडा पिऊन बसू नका; थेट मोठ्या रुग्णालयात जा आणि हा रिपोर्ट सोबत न्या. मला फोन वाटेतून केलात तरी चालेल.

आईचा आणि काकांचा रिपोर्ट हाती आला की फोटो पाठवा. व्यासाचा आकडा असलेली ओळ स्पष्ट दिसू द्या.

तुमची लेक