प्लेटलेटदाते हवेत, पण आज धावत येऊ नका

मंडळाकडे आलेल्या एका रुग्णाच्या फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत रक्ताच्या गाठी आहेत. ताजी गाठ असती तर ती विरघळवण्याचे इंजेक्शन तरी देता आले असते. इथे तीन महिने रक्त पातळ करणारी औषधे नीट घेऊनही गाठी गेल्या नाहीत. त्या आता भिंतीला चिकटून घट्ट झाल्या आहेत, हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण आहे आणि चार पावलांत धाप लागते. (अशा धापेला दमा समजून महिनोन्‌महिने पंप चालू राहतात.) उपाय शस्त्रक्रिया, आणि ती मुंबईत ठरली आहे.

त्यात रुग्णाला हार्ट-लंग मशीनवर घेऊन शरीर १८ ते २० अंश सेल्सिअसपर्यंत थंड करतात आणि रक्ताभिसरण थांबवून रक्तवाहिनीचे आतले अस्तर गाठीसकट सोलून काढतात. अभिसरण चालू ठेवले तर झिरपणाऱ्या रक्तात काही दिसत नाही. थांबवले तर मेंदूसाठी एका वेळी साधारण २० मिनिटांचीच मुभा. मग थोडा वेळ अभिसरण सुरू करून पुन्हा थांबवायचे. दोन्ही बाजू करायच्या म्हणजे मशीनवर काही तास जातात. त्यात प्लेटलेट (रक्त गोठवायला मदत करणाऱ्या पेशी) घटतात, थंडीने उरलेल्याही नीट काम करत नाहीत आणि रक्त थांबत नाही.

प्लेटलेट ५ दिवसच टिकतात, म्हणून आत्ता फक्त नाव नोंदवा. तारीख पक्की झाली की काहींना आदल्या दिवशी, काहींना नंतर बोलावू. रक्तगट बी पॉझिटिव्ह. वय १८ ते ६०, वजन ५० किलोंहून जास्त, हिमोग्लोबिन किमान १२.५ आणि आधीचे ३ दिवस अ‍ॅस्पिरिन नको. प्लेटलेट द्यायला यंत्रावर तास-दीड तास लागतो, लाल पेशी परत मिळतात.

रुग्णासाठी निधीही हवा आहे; तो कशासाठी, तेही सांगतो. वाट मोकळी झाली की उपाशी भागात एकदम रक्त शिरते आणि फुप्फुसात पाणी भरू शकते. मग व्हेंटिलेटरचे दिवस वाढतात, क्वचित एक्मो (शरीराबाहेर रक्तात ऑक्सिजन मिसळणारे यंत्र) लागते. पॅकेज ठरावीक दिवसांचेच असते आणि घरची जमापुंजी नेमकी इथेच संपते. चेक रुग्णालयाच्याच नावे काढा, मागे रुग्णाचा नोंदणी क्रमांक लिहा. तो कार्यालयात मिळेल. कुणाच्याही खासगी खात्यावर किंवा फिरत आलेल्या क्यूआर कोडवर पैसे टाकू नका.

नंतर रक्त पातळ करणारी गोळी जन्मभर घ्यायची आहे. सुरुवातीला आयएनआर (रक्त किती पातळ झाले ते सांगणारा आकडा) वारंवार तपासून तो २ ते ३ मध्ये ठेवावा लागतो. सवलतीत तपासणी करणाऱ्या लॅबने कळवावे. करोनापासून कुणाकडे ५ लिटरचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर पडून असेल तर तो शस्त्रक्रियेपर्यंत उसना हवा आहे. आणण्याआधी फिल्टर स्वच्छ करून अर्धा तास चालवून पाहा. कार्यालय रोज संध्याकाळी ६ ते ८ उघडे असते.