विषय: सुई टोचल्यानंतरच्या प्रथमोपचाराबाबत आपल्या प्रशिक्षणातील गंभीर चूक

प्रति,
व्यवस्थापक, प्रशिक्षण विभाग

महोदय,

आपल्या ग्राहक सेवा केंद्राशी आत्ताच झालेले बोलणेही निष्फळ ठरल्यामुळे हे पत्र थेट आपणांस लिहीत आहे. आमच्या रुग्णालयात नव्याने रुजू होणाऱ्या परिचारिकांना आणि सफाई कर्मचाऱ्यांना वॉर्डात पाठवण्यापूर्वी आपले ऑनलाइन सुरक्षा प्रशिक्षण दिले जाते. त्यात सुई टोचल्यास बोट दाबून रक्त काढावे व जखमेवर ब्लीच लावावे, असे शिकवले आहे. जखम न दाबता साबण व वाहत्या पाण्याने धुवावी आणि लगेच वरिष्ठांना कळवावे, हे योग्य उत्तर देणारा कर्मचारी आपल्या परीक्षेत नापास होतो.

हे सांगितल्यावर आपल्या प्रतिनिधीने मला आधी ब्राउझर बदलायला सांगितले. मजकूरच चुकीचा आहे, असे मी म्हटल्यावर उत्तर आले, "प्रश्न स्क्रीनवर दिसतोय ना, मग मॉड्यूल व्यवस्थित चालू आहे." मी पुन्हा सगळे समजावून सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, सगळ्यांना 'ब' वर टिक करायला सांगा, सर्टिफिकेट लगेच येईल. तेच हवंय ना तुम्हाला?" मी फोन ठेवण्याआधीच तक्रार निकाली निघाल्याचा संदेशही आला.

मला ते नको आहे. रात्रपाळीत हातमोज्यातून सुई आत गेली, तर नव्या सिस्टरला त्या क्षणी शिकवलेलेच आठवणार आहे. एचआयव्ही प्रतिबंधक औषधे शक्य तितक्या लवकर, फार तर 72 तासांच्या आत सुरू करून 28 दिवस घ्यावी लागतात. हिपॅटायटिस बीची लस न घेतलेल्यांना तर त्या विषाणूचा धोका एचआयव्हीपेक्षा कितीतरी अधिक असतो. असे असताना कोणाला आणि किती वेळात कळवायचे, याचा आपल्या मॉड्यूलमध्ये उल्लेखही नाही. चित्रफितीतली परिचारिका वापरलेल्या सुईला दोन्ही हातांनी टोपण लावते आणि ती अशा पेटीत कोंबते, जिच्या तोंडातून आधीच्या सुया बाहेर आल्या आहेत. पेटी तीन चतुर्थांश भरली की बंद करायची असते, हे आरोग्य क्षेत्राला प्रशिक्षण विकणाऱ्या कंपनीला मी सांगावे लागते, याचा मला संताप येतो. आणि त्यावर सल्ला काय, तर 'ब' वर टिक करा!

हा भाग आजच मागे घ्यावा, संसर्ग नियंत्रण तज्ज्ञाकडून दुरुस्त करून घ्यावा आणि तो वापरणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाला चूक लेखी कळवावी. तोपर्यंत आपले उर्वरित शुल्क रोखून धरण्याची आणि लेखी उत्तर न आल्यास करार रद्द करण्याची शिफारस मी आमच्या व्यवस्थापनाकडे केली आहे.

प्रशिक्षण समन्वयक,
परिचर्या विभाग