लेव्हाय सॅव्हेजबद्दल तुला सांगायचं होतं

प्रिय मन्या,

२४ जुलैला तुमच्या युटात सगळं बंद का असतं असं तू विचारलंस, पण फोनवर ते पुरं होत नाही म्हणून लिहायला बसलो.

१८४७ साली त्या दिवशी मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचा पुढारी ब्रिगहॅम यंग आपल्या लोकांना घेऊन सॉल्ट लेकच्या खोऱ्यात उतरला, त्याची ती सुट्टी. पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ, त्याला १८४४ मध्ये इलिनॉयमधल्या कार्थेजच्या तुरुंगात जमावाने गोळ्या घालून मारलं, मग नाव्हू हे त्यांनी स्वतः उभारलेलं गाव सोडायची पाळी आली आणि १८४६ च्या फेब्रुवारीत, ऐन थंडीत, लोक मिसिसिपी ओलांडून निघाले. पुढचा हिवाळा मिसुरी नदीकाठी काढला, तिथेही खूप जण आजारपणात गेले. पहिल्या तुकडीत विल्यम क्लेटन नावाचा एक कारकून होता, रोज किती मैल झाले यावर वाद नको म्हणून त्याने गाडीच्या चाकाला लाल फडकं बांधलं आणि दिवसभर शेजारून चालत फेरे मोजले, ३६० फेरे म्हणजे एक मैल. नंतर कंटाळून लाकडी दातऱ्यांचं यंत्र करून घेतलं. आणि हो, खोरं काही रिकामं नव्हतं बरं का, शोशोनी आणि यूट लोकांचा तिथे पिढ्यान्‌पिढ्या वावर होता.

पण मला खरं सांगायचंय ते १८५६ चं. ५५ मध्ये टोळ आणि दुष्काळाने पीक गेलं, पंथाकडे पैसा उरला नाही, आणि इंग्लंड, स्कॉटलंड, डेन्मार्कमधले गरीब लोक तर यायला आसुसलेले. बैलगाड्या परवडेनात म्हणून हातगाड्या काढल्या. पाचेक माणसांत एक गाडी, माणशी १७ पौंड सामान म्हणजे पावणेआठ किलो, त्यातच अंथरूण-पांघरूण आणि कपडे, आणि आयोवा सिटीहून सॉल्ट लेक १३०० मैल पायी. गाड्या घाईघाईत ओल्या लाकडाच्या केल्या होत्या, कोरड्या हवेत लाकूड आकसलं की चाकं खिळखिळी, आसात धूळ जाऊन तो झिजायचा, वंगण नाही म्हणून खायचं डुकराचं मांस नाहीतर साबण चोळायचे. तरी त्या वर्षी लवकर निघालेल्या तुकड्या बऱ्यापैकी नीट पोचल्या. शेवटच्या दोन, जेम्स विलीची आणि एडवर्ड मार्टिनची, त्यांना उशीर झाला.

विलीच्या तुकडीत हा लेव्हाय सॅव्हेज होता. धर्मप्रचारासाठी त्याला सयामला (म्हणजे आजच्या थायलंडला) पाठवलेलं, १८५३ मध्ये कलकत्त्याला उतरला, सयामला जाणं जमलंच नाही, ब्रह्मदेशात राहिला. (त्याच सुमाराला त्यांचा ह्यू फिंडले हा प्रचारक आपल्या मुंबई-पुण्यात फिरत होता, हे वाचून मी उडालोच.) सॅव्हेजची बायको आधीच गेलेली, लहानगा मुलगा बहिणीकडे ठेवलेला, आता जगाला वळसा घालून तो त्या पोराकडे घरी चालला होता. म्हणजे पोचायची सगळ्यात घाई कुणाला असायला हवी तर ह्यालाच.

१३ ऑगस्टला मिसुरीकाठी फ्लोरेन्सला सभा झाली आणि हाच माणूस उभा राहिला. म्हाताऱ्या माणसांना आणि बायकापोरांना घेऊन एवढ्या उशिरा निघालो तर बर्फात सापडू, लोक मरतील, हिवाळा इथेच काढा, असं त्याने स्पष्ट सांगितलं. पुढाऱ्यांना ते श्रद्धा कमी पडल्यासारखं वाटलं, त्याला सगळ्यांसमोर ऐकवलं, बहुतेकांनी जायचं ठरवलं. तेव्हा तो म्हणाला की मी बोललो ते खरं आहे, पण तुम्ही निघालाच आहात तर मीही येतो, होईल ती मदत करीन, सोसायचं ते तुमच्याबरोबर सोसीन. आणि गेला की रे तो!

पुढे त्याने सांगितलं तसंच झालं. शिध्याच्या गाड्या ओढायला बरोबर घेतलेली बैलं वाटेत उधळून पळाली, तीसएक गेली ती गेलीच, मग पिठाची पोती परत हातगाड्यांवर आली. शिधा कमी कमी होत गेला. मागच्या मार्टिनच्या लोकांनी तर ओझं झेपेना म्हणून पांघरुणं जाळली आणि दोन दिवसांनी, १९ ऑक्टोबरला, नॉर्थ प्लॅट नदी ओलांडली त्याच दिवशी बर्फाचं वादळ आलं. ब्रिगहॅम यंगला मागे लोक अडकल्याचं ४ ऑक्टोबरला कळलं आणि दुसऱ्याच दिवशी त्याने भर सभेत खेचरं, गाड्या, पीठ मागितलं, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं. मदत पोचली तरी २३ तारखेला विलीच्या लोकांना रॉकी रिजचा चढ बर्फात चढावा लागला, आजाऱ्यांना घेऊन सगळ्यात मागचे लोक मुक्कामी पोचेपर्यंत पहाट होत आली होती. दुसऱ्या दिवशी १३ जण एकाच खड्ड्यात पुरले. दोन्ही तुकड्या मिळून दोनशेच्या वर माणसं गेली.

इथे त्यांच्या श्रद्धेबद्दल खूप बोलतात आणि ती होतीच, मला तिचा आदर आहे. पण मला राग येतो तो त्या सभेतल्या पुढाऱ्यांचा, धोका माहीत असलेला माणूस समोर उभा असताना त्याचा मुद्दा सोडून त्याची निष्ठा तपासत बसले. आणि सॅव्हेज नंतर एकदाही 'मी सांगत होतो' म्हणत बसला नाही, मेलेल्यांना पुरलं, आजाऱ्यांना ओढलं. ९ नोव्हेंबरला पोचला सॉल्ट लेकला, १९१० पर्यंत जगला.

तू पुढच्या उन्हाळ्यात येतोयस ना, तर वायोमिंगला मार्टिन्स कोव्हला, मार्टिनच्या लोकांनी बर्फात आसरा घेतला त्या जागी, जाऊच, तिथे अजून हातगाडी ओढून बघता येते. पोरांनाही आण. वहिनींना नमस्कार, काकूंच्या गुडघ्याचं काय झालं ते कळव.

तुझाच,
दिल्या