गराच्या कॅनवरही लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वेंगुर्ल्यात मी गेली अठरा वर्षं कोकम आगळ, अमृत कोकम आणि आंब्याचा स्क्वॉश करून विकते. आगळ मिठावर टिकतं, अमृत कोकम साखरेवर. स्क्वॉशमध्ये मात्र किलोला अर्धा ग्रॅम के.एम.एस. घालते आणि लेबलवर तसं लिहिते: परिरक्षक, पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, आयएनएस २२४. प्रदर्शनात गिऱ्हाईक बाटली फिरवून ती ओळ वाचतं, बाटली खाली ठेवतं आणि 'प्रिझर्व्हेटिव्ह नाही' असं मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या बाटलीकडे जातं. वाईट वाटतं, पण पत्र लिहायचं कारण ते नाही.

यंदा आमच्या कलमांना फळ कमी धरलं म्हणून मे महिन्यात बाहेरून गर घेतला. वीस किलोचा पांढरा कॅन, वर स्केचपेनने 'हापूस पल्प' आणि तारीख, बस्स. झाकण फिरवलं तर नाकात झणकन गेलं, नुकतीच ओढलेली काडी नाकाशी धरावी तसं. के.एम.एस. हाताळणाऱ्याला हा वास बरोबर कळतो. व्यापाऱ्याला फोन केला. "हो वहिनी, घालावंच लागतं, नाहीतर फसफसेल. किलोला दोन ग्रॅम." मग कॅनवर का नाही लिहिलं? "कोण विचारत नाही."

घातलं त्यात काही चूक नाही. पण स्क्वॉशमध्ये गर असतो पाव भाग. म्हणजे गरातूनच किलोला अर्धा ग्रॅम आलं. त्यावर मी माझं नेहमीचं अर्धा ग्रॅम घातलं असतं, तर के.एम.एस.मधून सुटणारा सल्फर डायऑक्साइड ५०० पीपीएमच्या, म्हणजे किलोला ५०० मिलिग्रॅमच्या, वर गेला असता. आम्हाला प्रशिक्षणात शिकवलेली मर्यादा ३५० आहे. मी माझा हिशोब चोख ठेवून, लेबल खरं छापून, मर्यादा ओलांडली असती.

आणि 'असता' असं तरी कसं म्हणू? गेल्या वर्षी याच व्यापाऱ्याकडून दोन कॅन आले होते. मी पुण्याला होते, कामावरच्या मुलींनी ते पातेल्यात ओतले, वर ठरलेलं के.एम.एस. घातलं. त्या बाटल्या विकल्या गेल्या. हे आठवलं की अजून झोप लागत नाही.

कुडाळची एक ताई दरवर्षी माझ्याकडून फक्त आगळ नेते, कारण तिच्या दहा वर्षांच्या मुलाला दमा आहे आणि सल्फाइट (के.एम.एस. त्यातलंच) पोटात गेलं की त्याला धाप लागते. दम्याच्या काही रुग्णांना असं होतं. म्हणूनच किलोमागे १० मिलिग्रॅम किंवा जास्त सल्फाइट असेल तर ते अ‍ॅलर्जीच्या सूचनेत लिहायचं, असा एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेचा २०२० च्या लेबलिंग नियमांतला दंडक आहे. असाच गर घेऊन कुणी स्वतः काही न घालता 'प्रिझर्व्हेटिव्ह नाही' छापलं, तर त्याचं म्हणणं असतं, आम्ही घातलं नाही. असेल. पण बाटलीत ते आहे, आणि तो मुलगा बाटलीतलं पिणार आहे. घटक पदार्थाबरोबर आलेलं परिरक्षकही धरायचं असतं, हे आमच्या धंद्यात कितीतरी जणांना कुणी सांगितलेलंच नाही.

भाषेचंही तेच. लेबल इंग्रजीत किंवा हिंदीत असलं की कायद्याचं भागतं, मराठी सक्तीची नाही. नुसतं '२२४' किंवा 'क्लास टू प्रिझर्व्हेटिव्ह' वाचून गावातल्या आजीला काय कळणार? मी मराठीत 'यात सल्फाइट आहे, दमा असल्यास घेऊ नये' अशी ओळ छापते. त्यासाठी लेबल बोटभर मोठं करावं लागलं, तेवढंच.

अन्न व औषध प्रशासनाला माझी कळकळीची विनंती आहे की तपासणी दुकानातल्या बाटलीपाशी थांबवू नका. हंगामात गराच्या कॅनपर्यंत या. कॅनवर नाही तर निदान बिलाबरोबरच्या कागदावर परिरक्षकाचं नाव आणि प्रमाण आल्याशिवाय गर विकला जाऊ नये. आम्हा छोट्या उत्पादकांकडे प्रमाण तपासायला प्रयोगशाळा नाही, तो कागदच आमचा आधार.

तो कॅन मी परत पाठवला. नंतर तिघांकडे गर मागताना कागद मागितला, एकानेच दिला. यंदा त्याच्याच गराचा स्क्वॉश केला आहे, नेहमीपेक्षा निम्म्याहून कमी बाटल्या.

आपली,
एक लघुउद्योजिका, वेंगुर्ले